चेहऱ्यांचे मुद्रितशोधन

ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीसाठी प्रूफ परत पाठवणारे आम्ही मराठीचे अध्यापक छायाचित्राच्या बाबतीत मात्र निरक्षरासारखे वागतो. हा आरोप इतरांवर करण्यापूर्वी स्वतःवर करणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाच्या स्मरणिकेसाठी दिवंगत सरांचे एकच छायाचित्र मिळाले : ६४० बाय ४८० पिक्सेलचे. पानभर हवे म्हणून आम्ही ते ताणले, अस्पष्ट झाले म्हणून 'शार्पन'ची कळ पुन्हा पुन्हा दाबली आणि त्याच नावाने जतन केले. छापून आले ते सर नव्हते. कानशिलांभोवती पांढरी कड, गालांवर खरखरीत दाणे, आणि चष्म्याआडच्या डोळ्यांतले मार्दव नाहीसे झालेले. मूळ फाइल आता कोणाकडेही नाही.

दोष मुद्रकाचा, असे आम्ही तेव्हा ठरवून टाकले. तो आमचाच होता. चांगल्या छपाईसाठी इंचाला सुमारे ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे ६४० पिक्सेल दोन इंचांहून जेमतेम थोडे अधिक पुरतात. भागाकार शाळकरी आहे. खिडकीतला ७२ हा आकडा खोडून ३०० लिहिल्याने तपशील वाढत नाही. चित्र मोठे करताना संगणक शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. या क्रियेला इंटरपोलेशन म्हणतात, आणि पाठचिकित्सेतल्या प्रक्षेपालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. मूळ पोथीत नसलेली ओवी घुसडणाऱ्याला वर्गात दोष देणारे आम्ही सरांच्या चेहऱ्यात बेधडक प्रक्षेप करत होतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने प्रक्षिप्त मानलेले श्लोकसुद्धा तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. आम्ही मूळ पाठच पुसला.

शार्पनिंगविषयीचा भ्रम याहून मोठा. त्याने हरवलेला तपशील परत येत नाही. जिथे उजेड आणि अंधार भेटतात, त्या कडेची उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद होते. डोळा त्यालाच स्पष्टता समजतो. कागदावर शाई थोडी पसरते, म्हणून अशी धार काही प्रमाणात हवीच. पण तिचे माप पिक्सेलांत असते. म्हणून आधी छपाईचा आकार ठरवावा, त्या आकाराची वेगळी प्रत करावी आणि धार सर्वांत शेवटी, बेताने द्यावी. मूळ फाइलला हात लावू नये.

'आशय महत्त्वाचा, फोटो ही सजावट,' असे सहकारी म्हणतात. सजावटच असेल तर वगळा. पण ज्यांची दुसरी प्रतिमा उरलेली नाही अशा कवी-लेखकांचा, शिक्षकांचा चेहरा हे आपल्या वाङ्मयेतिहासाचे साधन आहे. साधन म्हटले की साधनशुचिता आली. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पापण्या आणि सुरकुत्या कल्पनेने भरून चेहरा गुळगुळीत करून देतात; तो चेहरा त्या माणसाचा असेलच असे नाही. पूर्वीचा प्रक्षेप निदान खरखरीत असल्याने उघडा पडे. हा सुबक आहे, म्हणून अधिक घातक.

उपाय फारसा अवघड नव्हता. सरांचे छायाचित्र आम्ही दोन इंचांचे छापले असते, तर ते ओळखू आले असते.