सेल्फी झाली, आता सॅम्पल घ्या

कबूल करून टाकते. सेकंड इयरला पर्यावरण अभ्यासाचा जो प्रोजेक्ट मी जमा केला, त्यातली नदी मुळा-मुठा होती. मी राहते पैनगंगेच्या काठच्या गावात, आमच्या गच्चीवरून नदी दिसते. पण झेरॉक्सच्या दुकानात जो तयार प्रोजेक्ट मिळाला तो पुण्यातल्या कुठल्या तरी सिनियरचा होता. त्यामुळे मुळा-मुठेच्या प्रदूषणाची कारणं आणि उपाय माझ्या नावावर स्पायरल बाइंडिंग होऊन गेले. तोवर मी पुणं पाहिलंही नव्हतं. मार्क मात्र मस्त पडले.

हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केलंय.

आता दुसरी कबुली. त्याच वर्षी मी एनएसएसच्या कॅम्पमध्ये नदी ‘स्वच्छ’ केली होती. हातमोजे, टोप्या, बॅनर, सगळं होतं. दोन तास आम्ही काठावरच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, देवाच्या फोटोंच्या फ्रेमा गोळा केल्या. मग बॅनर धरून फोटो झाला. आम्ही फोटोसाठी उभे होतो तिथून पन्नास पावलांवर गावाचा नाला नदीत पडत होता. काळं, फेसाळ पाणी. एक जण म्हणाला, “अबे, तिकडून घे ना फोटो, इकडून नाला येते.” फोटोग्राफरनं कोन बदलला. नाला फ्रेमच्या बाहेर गेला, नदीत मात्र पडतच राहिला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे इंटर्नशिप. सध्या मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते आणि अशा कार्यक्रमांच्या प्रेसनोट माझ्याकडे येतात. ‘विद्यार्थ्यांनी नदीपात्राची स्वच्छता करून पर्यावरण संवर्धनाचा संदेश दिला.’ ‘कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी सर्व स्वयंसेवकांनी परिश्रम घेतले.’ कॉलेजचं नाव आणि तारीख बदलली की एकच नोट वर्षभर चालेल. एकाही नोटमध्ये मला आजवर नदीच्या पाण्याबद्दल एक ओळ सापडली नाही. किती किलो कचरा उचलला ते असतं, पाणी कसं होतं ते नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण कचरा उचलतोय आणि त्यालाच प्रदूषण हटवणं समजतोय. कचरा उचलूच नये असं मी म्हणत नाही, उचला. पण काठावरची पन्नी डोळ्यांना दिसते. पाण्यात मिसळलेलं सांडपाणी, शेतातून वाहून आलेलं खत, कपड्यांच्या साबणाचा फॉस्फेट हे झाडूनं निघत नाही आणि फोटोतही येत नाही. ते मोजावं लागतं. आणि मोजायचं काम बुलढाणा जिल्ह्यात कुणी सहज करू शकत असेल, तर ते आपण.

का? कारण बर्नर, ब्युरेट आणि बाटल्या आपल्याकडे आहेत. बीएस्सीच्या पोरांना विचारा, पाण्याचा जडपणा काढायचं ईडीटीए टायट्रेशन त्यांनी केलेलं असतं. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धतही अनेकांनी जर्नलमध्ये लिहिलेली असते. फक्त ते पाणी लॅबच्या नळाचं असतं. नाहीतर रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून आलेलं असतं. (हेही कबुलीतच धरा, माझ्या मैत्रिणीच्या वतीनं.)

गेल्या महिन्यात मी, ती आणि तिचा लॅब पार्टनर असे तिघं नदीवर गेलो. सरांना विचारून दोन बाटल्या आणि रसायनं घेतली होती. एक बाटली नाल्याच्या वरच्या अंगाला भरली, एक खालच्या. बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट घालायचं, त्यावर अल्कलाइन पोटॅशियम आयोडाइड, झाकण लावून हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. आमची वरची बाटली चहासारखी तपकिरी झाली. खालची दह्याच्या पाण्यासारखी. मास कॉमची मी, केमिस्ट्री दहावीनंतर सोडलेली, पण ते दोन रंग शेजारी शेजारी बघून पोटात गोळा आला. पुढे ॲसिड घालून टायट्रेशन करायचं ते लॅबमध्ये सरांसमोर केलं. नदीवर ॲसिड न्यायचं नाही, हे सरांनी तीनदा बजावलं होतं.

नदीच्या पाण्यात लिटरला चार मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन असेल तर माशांचं जगणं अवघड होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नद्यांच्या वापरानुसार जे वर्ग पाडलेत त्यातही हा चारचा आकडा आहे. आमच्या गावचे म्हातारे सांगतात की इथं पूर्वी टोपलीनं मासे धरायचे. ते का गेले याचं उत्तर त्या पांढऱ्या बाटलीत होतं. आणि तुम्ही बुलढाणा शहरात राहत असाल तर लक्षात असू द्या, तुमच्या नळाला पाणी देणारं येळगाव धरण याच पैनगंगेवर आहे.

आपला जिल्हा पाण्याच्या बाबतीत साधा नाही. लोणारचंच बघा. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि आपल्या सगळ्यांचे स्टेटस गुलाबी झाले. नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पातळी घटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, राज्यातलं दुसरं रामसर स्थळ. त्यानंतर चित्र उलटं झालं. पातळी चढत गेली, काठावरचं कमळजा देवीचं मंदिर पाण्यानं वेढलं. पाण्याचा अल्कधर्मीपणा उतरतोय, मासे दिसतायत, अशा बातम्या आल्या. ज्या पाण्याचा पीएच दहाच्या वर असायचा तिथं मासा दिसणं ही आनंदाची बातमी नाही. तिथले जे सूक्ष्मजीव जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात, त्यांचं घर मोडतंय असा त्याचा अर्थ. शिवाय गावचं सांडपाणी विवरात उतरण्याचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे कित्येक वर्षं चाललाय.

मला यात वाईट एका गोष्टीचं वाटतं. लोणार आपल्या जिल्ह्यात आहे, तिथं आपण सहलीला जातो, रील करतो. पण दर महिन्याला ठरलेल्या जागी जाऊन पीएच लिहिणारी पोरापोरींची एक वही तिथं असती, तर पाणी कधीपासून बदलायला लागलं हे आपण सांगितलं असतं. पीएच बघायला लागतं काय? एक मीटर, तेही नसेल तर निदान पट्ट्या.

आणि जानेवारी 2025 आठवतो ना? शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडत होतं. अठरा गावं, पावणेतीनशेच्या आसपास माणसं, त्यात आपल्या वयाची पोरंपोरी. पहिला संशय पाण्यावर गेला. तसा तो जाणारच होता, कारण पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात भूजल खारं आणि किडनीच्या आजारांची ओरड जुनी. पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, मग आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे केसांचा गुन्हेगार बहुधा पाणी नव्हतं. पण त्या काही दिवसांत लोक विहिरीवर जायला घाबरत होते, आणि ‘तुझं गाव कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायलाही. अशा वेळी गेल्या वर्षभराच्या रीडिंगची वही गावात असती, तर निदान ‘पाणी आत्ताच बदललं की आधीपासून असंच होतं?’ याला भीतीऐवजी आकड्यानं उत्तर देता आलं असतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आपल्या विहिरीत ते किती आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट आहे. गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण द्यायचं, असं त्या योजनेतच आहे. तुमच्या गावात ते किट कुठं आहे, एकदा विचारून बघा. कपाटात असेल तर कपाट उघडायला लावा. कदाचित त्या पाच जणींमध्ये तुमची काकू निघेल.

आता मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. पोट्ट्यांचं रीडिंग कोण ऐकतं? आपली लॅब काही सरकारमान्य नाही. खरं आहे. तुमच्या बाटलीवरून कोर्टात निकाल लागणार नाही. पण अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं उदाहरण माहीत असू द्या. 2014 मध्ये तिथं पाण्याचा स्रोत बदलला, लोक पिवळट पाण्याच्या बाटल्या घेऊन ओरडत होते आणि अधिकारी सगळं ठीक असल्याचं सांगत होते. 2015 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तीनशे सॅम्पल किट पाठवले. घराघरांतून अडीचशेहून जास्त नमुने भरून परत आले. शिसं सापडलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शहराला जुन्या स्रोतावर परतावं लागलं. ती पोरं काही आभाळातून पडलेली नव्हती. बाटल्यांवर लेबलं चिकटवत रात्री जागणारी होती, आपण गॅदरिंगच्या तयारीला जागतो तशी.

वेळ नाही, हे मात्र मला सांगू नका. एनएसएसचे वर्षाला 120 तास आपण कुठं तरी भरतोच. पर्यावरण अभ्यासाच्या अभ्यासक्रमात जवळच्या प्रदूषित जागेला भेट देणं लिहिलेलंच आहे. नव्या धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. एका वर्गानं एक नाला घेतला, महिन्यातून एकदा दोन बाटल्या भरल्या, तर वर्षाला चोवीस आकडे होतात. आर्ट्सवाल्यांनी नोंदी आणि नकाशा करायचा, कॉमर्सवाल्यांनी तक्ता, सायन्सवाल्यांनी टायट्रेशन. मुलींना नदीवर जायला घरून परवानगी मिळत नाही, ही अडचण खरी आहे आणि मला ती दोनदा आली. शेवटी आईलाच सोबत नेलं. तिनं काठावर उभं राहून नाल्याकडे बघत विचारलं, “हे एवढी वर्षं कुणाला दिसलं नाही काय?”

आकडे जमले की काय करायचं? आपण सगळे अठरा पूर्ण आहोत, मतदार यादीत नाव आहे, म्हणजे ग्रामसभेचे सदस्य आहोत. ग्रामसभेत बोलायला कुणाच्या मार्गदर्शनाखाली असावं लागत नाही. तिथं उभं राहून वही उघडायची आणि नाल्याच्या वरचा आकडा आणि खालचा आकडा वाचायचा. संदेश वगैरे देत बसायचं नाही. नाल्याचं पाणी नदीत पडायच्या आधी शोषखड्ड्यात का जात नाही, एवढंच विचारायचं.

आपल्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून हैराण करायचे. त्यातला झाडू आपण उचलला आणि प्रश्न तेवढे सोडून दिले.

आमची वही सध्या मैत्रिणीच्या सॅकमध्ये आहे. त्यात दोनच आकडे आहेत, एक वरचा, एक खालचा. पुढची तारीख महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सात. लॅब पार्टनर म्हणतोय की त्याच्या गावच्या नाल्याचीही एक बाटली घेऊ. बाटल्या कमी पडतायत, सर आणखी चार काढून देतो म्हणालेत. आणि हो, या वेळी फोटो काढला तर नाला फ्रेममध्ये घ्यायचाय.