ओठ त्याचे, आवाज दुसऱ्याचा

इटलीत तयार झालेल्या काउबॉय चित्रपटांची, म्हणजे ज्यांना जग 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हणून हिणवते त्यांची, टवाळी करावयास एक विनोद सर्वांना पुरतो: ओठ आधी हालतात आणि शब्द मागाहून येतात. डबिंगवर आक्षेप घेणारे तेवढ्यावर हसून थांबतात. आम्हांस हा आक्षेप फार वरवरचा वाटतो. ओठ न जुळणे हा तांत्रिक कच्चेपणा झाला आणि तो क्षम्य आहे. ज्या ठिकाणी ओठ चोख जुळले, कोणास शंकाही आली नाही, तेथे काय घडले याची चौकशी कोणी करीत नाही. आमची तक्रार तेथे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. त्या काळच्या इटालियन चित्रपटांत चित्रीकरणस्थळी ध्वनी मुद्रित होत असे तो केवळ पुढील कामाच्या सोयीपुरता. पडद्यावर ऐकू येणारा प्रत्येक शब्द नंतर स्टुडिओत बसून भरला जाई. फेलिनीसारखा थोर दिग्दर्शकही नटांना संवादाऐवजी आकडे मोजावयास लावी, मग वेस्टर्नवाल्यांनी संकोच का करावा? सर्जिओ लिओनेच्या 1966 च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये ईस्टवूड आणि वॉलक इंग्रजी बोलत, इटालियन नट इटालियन, तर स्पेनमधले नट स्पॅनिश. अल्मेरियाच्या उजाड माळावर एकाच प्रसंगात तीन भाषा उभ्या राहत आणि तिन्ही पुसून कोठे इटालियन, कोठे इंग्रजी, कोठे जर्मन चढवली जाई. म्हणून 'मूळ आवृत्ती कोणती?' हा हौशी मंडळींचा आवडता वाद निरर्थक आहे. मूळ आवृत्ती नव्हतीच. इटलीच्या प्रेक्षकाने तिन्ही 'डॉलर' चित्रपटांत ऐकलेला ईस्टवूड हा वस्तुतः एन्रिको मारिया सालेर्नो या नटाचा आवाज होता. ली व्हॅन क्लीफच्या तोंडून बोलत होता एमिलिओ चिगोली. जॉन वेन आणि गॅरी कूपर यांनाही इटालियन बोलावयास लावणारा तोच.

अमेरिकन माणसाला इटालियन आवाज लाभला तर कोणाचे काय बिघडले, असे वाचक म्हणतील. मान्य. परंतु जान मारिया वोलोन्ते याचे काय? हा तर मिलानमध्ये जन्मलेला, रंगभूमीवर घडलेला, भरदार आवाजाचा इटालियन नट. 1964 च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मधील खलनायक रामोन त्याने उभा केला. इटालियन आवृत्तीत रामोन बोलतो तो नान्दो गाझ्झोलोच्या आवाजात, इंग्रजी आवृत्तीत बर्नार्ड ग्रँटच्या आवाजात, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव लागले 'जॉन वेल्स'. चेहरा तेवढा त्याचा राहिला. पुढे 1970 च्या ज्या 'इन्व्हेस्टिगेशन ऑफ अ सिटिझन अबव्ह सस्पिशन' या चित्रपटाला ऑस्करचा परभाषिक चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, त्यातील पोलीस अधिकारी साकारणारा हाच वोलोन्ते. असा नट आपल्याच देशात, आपल्याच भाषेत मुका केला गेला होता.

नावांची कथा तर अधिकच उद्बोधक. लिओने स्वतः 'बॉब रॉबर्टसन' झाला. (त्याचे वडील मूकपटांच्या काळात 'रोबेर्तो रोबेर्ती' या टोपणनावाने चित्रपट काढीत, म्हणजे परक्या नावाआडही पोराने बापाचे नाव राखले, एवढे श्रेय त्यास देऊ.) संगीतकार एन्निओ मॉरिकोने 'डॅन सॅव्हिओ' झाला, जुलिआनो जेम्मा 'माँटगोमेरी वूड' झाला. ही मोठी माणसे. यश मिळताच त्यांनी आपापली नावे परत घेतली. पण जे लहान होते त्यांनी काय परत घ्यावे? अल्दो साम्ब्रेल, म्हणजे माद्रिदचा आल्फ्रेदो सांचेझ ब्रेल, हा एकेकाळचा फुटबॉलपटू कित्येक चित्रपटांत गोळी खाऊन पडला. 'द गुड, द बॅड'च्या पहिल्याच चौकटीत वाळवंट झाकून टाकणारा तो रापलेला चेहरा अल मुलॉक या कॅनेडियन नटाचा. 1968 मध्ये लिओनेच्याच पुढच्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असता ग्वादिक्स गावी त्याने आत्महत्या केली. चेहरा लाखोंना ठाऊक, नाव मोजक्यांना. अल्मेरियाच्या आसपासचे जिप्सी तर मेक्सिकन किंवा रेड इंडियन म्हणून नुसते उभे केले जात. त्यांची बोली कोणत्याही आवृत्तीत उरलेली नाही.

ही सवय आकाशातून पडली नाही. मुसोलिनीच्या राजवटीने 1930 पासून परक्या भाषेतील संवाद पडद्यावर येऊ दिले नाहीत आणि 1933 मध्ये डबिंग इटलीतच झाले पाहिजे असा कायदा केला. स्पेनमध्ये फ्रँकोच्या शासनाने 1941 च्या एप्रिलमध्ये प्रत्येक परकीय चित्रपट स्पॅनिशमध्येच डब करण्याची सक्ती केली. सक्ती परकीय भाषांविरुद्ध होती असे दिसते खरे. पण जी 'शुद्ध' भाषा डबिंगच्या खोलीतून बाहेर पडली तिने घरच्या बोलींनाही बाहेर काढले. पुढे सक्ती गेली तरी कान तयार झाले होते, आणि एकदा तयार झालेल्या कानाला हुकमाची गरज उरत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे आमचा सर्वांचा लाडका बड स्पेन्सर. खरे नाव कार्लो पेदेर्सोली, गाव नेपल्स. शंभर मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, हेलसिंकी आणि मेलबर्न ऑलिंपिकचा खेळाडू. 1970 च्या 'दे कॉल मी ट्रिनिटी'ने त्यास आणि टेरेन्स हिलला, म्हणजे मारिओ जिरोत्तीला, घराघरांत नेले. पण इटलीच्या घराघरांत पोहोचला तो ग्लाउको ओनोरातोचा आवाज. कारण पेदेर्सोलीच्या बोलण्यात नेपल्सचा ठसका होता. आता विचार करावा: टेक्सासच्या कल्पित माळावर घोडा चोरणारा गडी रोम-फ्लॉरेन्सच्या घासूनपुसून घेतलेल्या इटालियनमध्ये बोलला तर चालते, नेपल्सच्या बोलीत बोलला तर रसभंग होतो! टेक्सासला दोन्ही सारखेच परके आहेत.

आमचा रोष ओनोरातोवर किंवा गाझ्झोलोवर मुळीच नाही. ते श्रेष्ठ कलावंत होते आणि तेही त्याच अन्यायाचे धनी. आवाज देणाऱ्याचे नाव त्या काळी पडद्यावर सहसा येतच नसे. एकाचा आवाज गेला, दुसऱ्याचे नाव गेले, आणि निर्मात्याला एक संपूर्ण मनुष्य मिळाला.

हे आम्हांस एवढे का झोंबते, ते आता सांगतो. सीमाभागात वकिली करणाऱ्यास डबिंग पाहण्यासाठी चित्रपटगृहात जावे लागत नाही. एका खटल्यात आमचा साक्षीदार म्हणाला, "भांडण झालं तवा मी शेताकडं गेलतो." गेलतो, म्हणजे गेलो होतो, तो तेथे नव्हताच. न्यायालयाच्या भाषेत नोंद झाली ती 'भांडण झाल्यावर मी शेताकडे गेलो' अशी. जो जागेवर नव्हता तो एका क्रियापदात घटनास्थळावरून निघून जाणारा झाला. जबानी त्यास मराठीतून वाचून दाखविल्यावर तो खवळून उठला आणि नोंद दुरुस्त झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 277 व्या कलमाने सांगितले होते की साक्ष शक्य तर साक्षीदाराच्या भाषेत नोंदवावी, नपेक्षा खरे भाषांतर करून त्यावर अधिकाऱ्याने स्वाक्षरी करावी; 278 व्या कलमाने ती वाचून दाखविण्याचे बंधन घातले होते. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणाऱ्याने सही करावी आणि ज्याचे तोंड आहे त्यास ऐकू द्यावे, एवढीच कायद्याची अट. वोलोन्तेला गाझ्झोलोचा रामोन कोणी वाचून दाखवला नाही.

म्हणून डबिंग बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ते औषध आमच्या शेजारी झाले आहे. कन्नड चित्रव्यवसायाने कित्येक दशके कन्नडमध्ये डबिंग होऊच दिले नाही. अखेर कन्नड प्रेक्षकच स्पर्धा आयोगाकडे गेले आणि 2015 मध्ये आयोगाने त्या बंदीविरुद्ध निर्णय दिला. ते प्रेक्षक बरोबर होते, हे मराठी माणसाने मोकळेपणे म्हणावे. आमची मागणी निराळी आहे आणि ती आपल्याच माणसांकडे आहे. दाक्षिणात्य चित्रपट आता मराठीत डब होऊन वाहिन्यांवर येतात, याचा बेळगावात, निपाणीत, हैदराबादेत, बडोद्यात सर्वांना आनंद आहे. पण त्या मराठीत नायक पुण्याचा आणि आमची बोली आली तर ती गड्याच्या किंवा विदूषकाच्या तोंडी, हा बड स्पेन्सरचाच न्याय झाला. बेळगावची, इंदूरची, गोव्याची मराठी गंभीर माणसाच्या तोंडी घाला. आवाज देणाऱ्याचे नाव वाचता येईल इतका वेळ पडद्यावर ठेवा.

'प्रेक्षकाला काय फरक पडतो?' हे उत्तर आम्हांस मिळेल, नेहमी मिळते. अशा गृहस्थांनी सर्जिओ कोर्बुच्चीचा 1968 चा 'द ग्रेट सायलेन्स' पाहावा. बर्फात घडणारा हा वेस्टर्न. त्याचा नायक मुका आहे, कारण लहानपणी त्याच्या आईबापांना मारणाऱ्यांनी, पोराने साक्ष देऊ नये म्हणून, त्याचा गळा चिरला होता. भूमिका ज्याँ-लुई त्रँतिन्याँ या फ्रेंच नटाची. इटलीत असो की जर्मनीत, त्या एका भूमिकेसाठी कोणालाही मायक्रोफोनपुढे उभे करावे लागले नाही.