तापाचा खाडा कोण भरून देणार?

माननीय आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार यांस,


मी मूळचा बेळगावचा, बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका लहान शेडमध्ये लेथ चालवतो. पुढच्या साथीची तयारी करताना आमचं हजेरीबुक एकदा उघडून बघा, ही विनंती.

कोविडच्या टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये काम पुन्हा सुरू झालं. दारात कपाळाचा ताप मोजायचे. शेजारच्या मशीनवरचा गडी घरूनच पॅरासिटामॉल घेऊन यायचा, आकडा बरोबर दिसायचा. आठवड्याभरात आठांपैकी पाच जण आजारी पडलो. तेव्हा मी त्याच्यावर फार चिडलो होतो. आता वाटतं, त्यानं दुसरं काय करायचं होतं? एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. विलगीकरणाचे चौदा खाडे पडले की खोलीचं भाडं थकतं. पूर्ण पगार द्या, असा केंद्राचा २९ मार्चचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला होता.

जुलैमध्ये तुमकूर रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रात १०,१०० खाटांच्या योजनेचं कोविड केंद्र सुरू झालं. त्याची गरज होतीच. पण तापलेला माणूस तिथं पोचेपर्यंत आमच्या शेडमध्ये साथ पसरून गेलेली असायची.

कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारपणात ७० टक्के वेतन मिळतं, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. मात्र ही योजना सहसा दहा किंवा जास्त कामगार असतील तिथंच सक्तीनं लागू होते, आणि आम्ही आठ. जिथं लागू आहे तिथंही पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत. आणि कोविड सर्वांत जास्त पसरतो तो नेमका तेव्हाच, लक्षणं दिसू लागण्याच्या आसपास!

मार्च २०२० मध्ये आपल्या सरकारनं कोविडचे नियम काढले ते १८९७च्या साथरोग कायद्याखाली. १८९७ सालीच पुण्यात प्लेगच्या झडतीला गोरे सोल्जर घरात शिरत, म्हणून लोकांनी रोगी माळ्यावर, कोठीत लपवले. पीण्यात सोल्जर आले नाहीत. आम्ही ताप लपवला तो मजुरीसाठी. दोन्हीकडे माणसाला खरं सांगणं परवडत नव्हतं.

साथ जाहीर होताच तापाच्या पहिल्या दिवसापासून मजुरी मिळेल, दाखला नंतर आणला तरी चालेल, असा नियम आताच करून ठेवा. दहाच्या आतल्या शेडचा भार सरकारनं उचलावा. आमचे मालकही जॉब वर्कवरच जगतात. ईएसआयचे ते दोन दिवस काढून टाकण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरा. आणि हा नियम कन्नडबरोबर मराठी, हिंदी, तमिळ, उडियातही लिहून प्रत्येक शेडच्या दारावर लावा.

आपला,
पीण्यातला एक लेथ कामगार