दस्तरखान : शब्द पाळायचा, पण दिवस आपण निवडायचा



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आमचा थोरला घरी आला, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि पाणी पिण्याआधीच म्हणाला, "अम्मी, आता पार्कला कधी जायचं? अब्बूंनी शब्द दिलाय."

शब्द दिला होता हे खरं. मार्च महिन्यात गणिताच्या पुस्तकासमोर तो रडकुंडीला आला होता, तेव्हा ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "मार्क कितीही पडू देत, तू मन लावून अभ्यास कर. सुट्टीत तुला पार्कला नेतो." पोराने अभ्यास केला. आता उधारी आमच्याकडे होती.

आणि मला मात्र गेल्या दिवाळीची सुट्टी आठवत होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, एका शनिवारी, आम्ही पाचजण अशाच एका मोठ्या पार्कला गेलो होतो. ते कोणतं होतं याला महत्त्व नाही. सुट्टीच्या दिवसात सगळीकडे चित्र थोडंफार सारखंच असतं. पहाटे साडेपाचला कराडहून भाड्याची गाडी निघाली. अकराला फाटकातून आत गेलो आणि संध्याकाळी सातला बाहेर पडलो. आठ तासांत थोरल्याला तीन झोके मिळाले. धाकटी सहा वर्षांची. ती एका रांगेत माझ्याबरोबर सव्वा तास उभी राहिली. आमचा नंबर आला तेव्हा तिथल्या मुलाने तिला उंचीच्या पट्टीला लावून पाहिलं आणि मान हलवली. चार बोटं कमी पडली. त्या मुलाची काही चूक नव्हती, नियम तिच्या जिवासाठीच होता. पण सव्वा तास उभ्या राहिलेल्या पोरीला ते कसं समजावणार? सासूबाई दिवसभर एका बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. जोहरची नमाज ह्यांनी घाईघाईत एका भिंतीच्या आडोशाला पढली. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

घरी येऊन हिशेब केला. तिकिटं साडेसात हजार, गाडी आणि टोल साडेचार हजार, खाणंपिणं दोन हजार. एकूण चौदा हजार रुपये आणि तीन झोके.

म्हणून या वेळी पोराने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून लगेच निघालं, "यंदा नाही रे. मे महिन्यात गर्दी किती असते! आणि महिनाअखेर बकरी ईद आहे, कुर्बानीचा हिस्सा द्यायचाय." तो काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. ते बघणं मला रात्री झोपताना आठवलं.

त्याबरोबर एक हदीसही आठवली, आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेली. एका आईने आपल्या लहान मुलाला "ये, तुला काहीतरी देते" म्हणून हाक मारली. प्रेषित मुहम्मद (स.) तिथेच होते. त्यांनी विचारलं, तू त्याला काय देणार आहेस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितलं की, तू काहीच दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. म्हणजे लहान मुलाला दिलेला शब्दही शब्दच असतो. आपण मात्र मुलांना गप्प करायला किती शब्द देतो आणि सोयीने विसरतो!

पण दुसऱ्या बाजूला इसराफही आहे. उधळपट्टी करू नका हे आपण मुलांना शिकवतो आणि स्वतः चौदा हजार रुपये रांगेत उभे राहण्यासाठी देऊन येतो. मग करायचं काय? शब्द मोडायचा की पैसा?

दोन-तीन दिवस विचार केल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली. आपल्या लहानपणी असली पार्कं नव्हती. मुंबईला गोराईत एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. खोपोलीजवळ इमॅजिका तर २०१३ सालचं. आपल्यासाठी मौजेची जागा म्हणजे गावचा उरूस किंवा जत्रा. तिथे पाळण्यात बसायचं तर पाळण्याचे पैसे द्यायचे, मौत का कुआँ बघायचा तर त्याचे वेगळे. गर्दी जास्त असली तर पाळण्यात न बसता भजी खाऊन परत यायचं, खिशातला पैसा खिशातच राहायचा.

या पार्कांचं गणित उलटं आहे. इथे पैसे पाळण्याला नाही, फाटकाला द्यायचे. आत गेल्यावर दहा झोके घ्या नाहीतर दोन, रक्कम तीच. म्हणजे आत गेल्यावर आपल्याकडे खर्चायला उरतो फक्त वेळ, आणि गर्दी तोच घेऊन जाते.

हे मी थोरल्याला कागदावर मांडून दाखवलं. समज, एका झोक्यात एका वेळी वीस माणसं बसतात आणि चढणं, फिरणं, उतरणं धरून चार मिनिटं लागतात. तासाला किती माणसं झाली? त्याने गणित केलं : तीनशे. आता तुझ्यापुढे साडेचारशे माणसं उभी असली तर? दीड तास. आणि पंचाहत्तरच असली तर? पंधरा मिनिटं. आठ तासांतून जेवण, नमाज आणि चालणं यांचे दोन तास काढले तर सहा उरतात. दीड-दीड तासाच्या रांगेत चार झोके. पंधरा मिनिटांच्या रांगेत, दमून थांबत थांबत घेतले तरी बारा-पंधरा. तिकीट तेच, पार्कही तेच. फरक फक्त दिवसाचा.

ज्या गणितामुळे पोरगा मार्चमध्ये रडला होता, त्याच गणिताने त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे अम्मी, शनिवार-रविवार नको!"

त्या रात्री इशानंतर दस्तरखानावर आम्ही मश्वरा केला. आपसांतल्या गोष्टी सल्लामसलतीने ठरवाव्यात हे आपण मशिदीच्या कमिटीपुरतंच ठेवतो, घरात मात्र दोन मोठी माणसं ठरवतात आणि बाकीचे गाडीत बसतात. या वेळी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं : तुला त्या दिवसातून नेमकं काय हवं आहे?

थोरला म्हणाला, "मला तो मोठा उलटा फिरणारा झोका घ्यायचाय. वर्गातल्या चौघांनी घेतलाय. मी गेल्या वेळी रांगेतूनच परत आलो."

धाकटीला विचारलं. तिला झोका नकोच होता. "मला पाण्यात पाय सोडून बसायचंय. आणि त्या उंचीच्या दांडीजवळ जायचं नाही."

ह्यांनी सांगितलं की, त्यांना गाडी भाड्याचं टेन्शन नको आणि दुकान शनिवारी बंद ठेवायला परवडत नाही.

मग ह्यांनी सासूबाईंकडे वळून विचारलं, "अम्मी, तुम्हाला?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटा, खरं सांगू? मला तिथे यायचंच नव्हतं. गुडघे दुखत होते. पण नाही म्हटलं असतं तर तुम्ही कोणीच गेला नसतात, म्हणून आले. मला पाटणला बहिणीकडे चार दिवस सोडा. दोन वर्षं झाली तिला भेटून."

आम्ही तिघांनीही माना खाली घातल्या. गेल्या दिवाळीत त्यांचंही तिकीट काढलं होतं, पिशव्या सांभाळायला. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

ज्याला आपण "कुटुंबाची सहल" म्हणतो तिच्यात अनेकदा एकाची हौस असते आणि बाकीच्यांची सोबत. सोबत करणंही चांगलंच. पण प्रत्येकाला काय हवं ते आधी विचारलं तर चौदा हजारांची गरज बरेचदा उरत नाही.

आमचं असं ठरलं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सासूबाईंबरोबर मी आणि दोन्ही मुलं एसटीने पाटणला जाणार. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मुलांनाही अर्धंच. तिथून एक दिवस कोयनानगरला, बागेत. नदीच्या पात्रात मुलांना उतरू द्यायचं नाही, पण बहिणीच्या अंगणात हौद आहे, धाकटीला पाय सोडून बसायला तो पुरे. बकरी ईद घरी करायची. आणि जूनच्या दुसऱ्या सोमवारी, शाळा सुरू व्हायच्या आधी, हे आणि थोरला असे दोघेच पार्कला जाणार. सोमवारी आमचं दुकान बंदच असतं. दोघंच असल्यामुळे गाडीही लागत नाही, बस पुरते. खर्च चौदा हजारांवरून पाच हजारांच्या आत येतो. जूनमध्ये पावसाची धास्ती आहे, विजा कडाडल्या तर उघड्यावरचे झोके थांबवतात. हेही थोरल्याला आधीच सांगितलंय. तो म्हणाला, "चालेल, पण तारीख लिहून ठेवा." ह्यांनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला. शब्द आता भिंतीवर आहे.

तुमच्या घरचं उत्तर वेगळं असेल. नोकरीवाल्यांना मधल्या वारी रजा काढावी लागेल. ती एक रजा तिकिटावरच्या कोणत्याही सवलतीपेक्षा मोलाची ठरेल. शिवाय अनेक पार्कांत मधल्या वारचं तिकीट सुट्टीच्या दिवसापेक्षा स्वस्तही असतं. बासी ईदला तर मुळीच जाऊ नका. त्या दिवशी आपलीच सगळी वस्ती बागांत आणि पार्कांत लोटलेली असते. आणि कोणाला सुट्टीचाच दिवस मिळत असेल, तर फाटक उघडायच्या आधी पोहोचा आणि सगळ्यांत जास्त हवा असलेला झोका सर्वांत आधी घ्या. पहिल्या तासात रांगा लहान असतात.

जायचं ठरलं तर भगिनींनो, एवढं आधी करा.

उंची घरीच मोजा. भिंतीवर पेन्सिलने खूण करा. कोणत्या झोक्याला किती उंची लागते ते बहुतेक पार्कांच्या संकेतस्थळावर असतं. जो झोका मिळणार नाही तो मुलाला घरीच सांगा. घरचं रडणं पाच मिनिटांत थांबतं.

कपड्यांची चौकशी तिकीट काढण्याआधी करा. वेगाच्या झोक्यांवर आणि गो-कार्टवर सुटी ओढणी, मोकळा बुरखा धोक्याचा असतो. ओढणी चाकात अडकून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. घट्ट बसणारा, पिना लावलेला स्कार्फ चालतो का, ते फोन करून विचारा. पाण्याच्या पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. अंगभर पोहण्याचा पोशाख चालतो का, हेही विचारा. फाटकावर वाद घालण्यापेक्षा घरून केलेला एक फोन बरा.

नमाजची जागा विचारून ठेवा. पिशवीत जानमाज आणि वुजूसाठी पाण्याची रिकामी बाटली असू द्या. दूरच्या प्रवासात मुसाफिराला कसरची सवलत आहे. किती अंतराला आणि कशी, ते आपल्या इमामसाहेबांकडून समजून घ्या.

खाण्याचं ठरवून जा. बाहेरचा डबा बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. लहान बाळाचं खाणं आणि औषधं सहसा चालतात. आत मांसाहार हलाल आहे की नाही याची खात्री नसेल तर सरळ शाकाहारी घ्या. सकाळी गाडीत पोटभर नाश्ता आणि परतताना डबा, यात निम्मा खर्च वाचतो.

मूल हरवण्याची तयारी करा. अल्लाह न करो, पण गर्दीत क्षण पुरतो. मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा, सकाळी सगळ्यांचा एक फोटो काढा म्हणजे कपड्यांचा रंग सांगता येतो, आणि "हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, वर्दीतल्या माणसाला सांग" हे मुलाकडून दोनदा म्हणवून घ्या.

उन्हाचं विसरू नका. टोपी, पाणी, ओआरएसची पुडी. दुपारी बारा ते तीन या वेळात छपराखालच्या गोष्टी बघा.

आणि शेवटचं, मुलाला सहल देणार असाल तर तारखेसहित द्या. "नेऊ कधीतरी" हा शब्द देऊ नका. नेता येणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मुलं "नाही" पचवतात. पोकळ "हो" मात्र त्यांच्या लक्षात राहतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही पाटणला असू, इन्शाअल्लाह. काल सासूबाई पिशवी भरत होत्या. बहिणीसाठी शेवया, तिच्या नातवंडांसाठी खाऊ, स्वतःसाठी गुडघ्याचं तेल. धाकटी शेजारी बसून एकेक वस्तू हातात देत होती. मध्येच तिने विचारलं, "दादी, पाटणच्या हौदाला उंचीची दांडी आहे का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या, "तिथे फक्त तुझी दादी असेल. आणि ती कोणाला परत पाठवत नाही."