झांकली मूठ

कुटुंबांतील कटु गोष्टींविषयीं ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ असें म्हणण्याची आपली रीत आहे. पूर्व जर्मनींत मात्र ती मूठ कायद्यानेंच उघडण्यांत आली. साम्यवादी राजवटीच्या ‘श्टाझी’ या गुप्त पोलिसखात्यानें जमविलेलीं दप्तरें ओळीनें मांडलीं तर सुमारें १११ किलोमीटर भरतात. जानेवारी १९९२ पासून ज्याचें दप्तर त्यास पाहण्याची मुभा मिळाली. तेथील लोकसभेच्या सभासद फेरा वोलेनबेर्गर यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांत त्यांचे पतीच होते, हें अशा दप्तरांवरूनच उघड झालें. तो संसार मोडला.

पाळणाघरें, स्वस्त भाडें व कायमची नोकरी यांची आठवण काढणारे लोक तेथें आजही आहेत, आणि ती आठवण खोटी नव्हे. परंतु अन्नवस्त्राची हमी देणाऱ्या राज्यानें मोबदल्यांत घरांतला विश्वासच गहाण मागितला, हेंही तितकेंच खरें. दप्तरें जाळून टाकावीं म्हणजे द्वेष शमेल, असें म्हणणारेही होते. आम्हांस तें पटत नाहीं. क्षमा करावी कीं नाहीं, हें ज्याचा घात झाला त्यानें ठरवावें. पण कोणास व कशाबद्दल, हें कळल्यावांचून क्षमा तरी कशी करणार? एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं याचा अवश्य विचार करावा.