गोविंदाला हेल्मेट, मग फटाक्याला काय?

लालबागमध्ये सून म्हणून आले त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीला इथल्या सणांची मला धास्तीच वाटायची. गोकुळाष्टमीला ट्रकच्या टपावर बसून ओरडत जाणारी पथकं पाहून छातीत धस्स व्हायचं. सात-आठ थर लागायचे, वरचा एक्का म्हणजे दुधाचे दात पडलेलं पोर. ना दोर, ना टोपी. ‘बाप्पा बघतोय त्याच्याकडे’ म्हणायचे सगळे.

आज त्याच गल्लीत एक्क्याच्या डोक्याला हेल्मेट असतं, कमरेला दोर असतो. हे काही आपोआप झालं नाही. पोरं पडली, मेली, जन्माची लुळी झाली, लोक कोर्टात गेले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वयाचं, उंचीचं बंधन घातलं आणि हेल्मेट-गाद्यांचा आग्रह धरला. पुढे २०१७ मध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवणार नाही, असं सरकारनं कोर्टात कबूल केलं. तेव्हा आमच्याकडची जुनी मंडळी खूप चिडली होती. ‘हेल्मेट घालून कधी हंडी फुटते का!’ फुटते की. दरवर्षी फुटते.

मैत्रिणींनो, हे सगळं आठवायचं कारण म्हणजे तोच मुलगा दोन-सव्वादोन महिन्यांनी दिवाळीत चाळीच्या अंगणात सुतळी बॉम्ब लावतो, तेव्हा त्याच्या अंगावर काय असतं? नायलॉनची नवी पँट, पायात स्लिपर आणि हातात उदबत्ती. वर गॅलरीत आपणच फराळाची ताटं घेऊन कौतुकानं बघत उभ्या.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशातून बातम्या आल्या, त्या तुम्हीही वाचल्या असतील. भोपाळ, विदिशा अशा गावांत शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात बहुतेक मुलंच होती आणि काहींची दृष्टी कायमची गेली. कारण होतं ‘कार्बाइड गन’. प्लॅस्टिकचा पाइप, गॅस पेटवायचा लायटर आणि कार्बाइडचे खडे, बस्स. रस्त्यावर दीड-दोनशे रुपयांना मिळत होती. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून काही पोरांनी घरीच बनवली. खड्यांवर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन नावाचा वायू तयार होतो. त्याला ठिणगी मिळाली की धडाम्. घात होतो तो पुढेच. कधी कधी ती लगेच उडत नाही. मग पोरगं काय करणार? पाइपाला डोळा लावून आत बघणार. तेवढ्यात ती उडते. नुसता जाळच नाही, तर कार्बाइड आणि पाण्यापासून झालेला चुनाही डोळ्यात जातो. चुन्याचा कण डोळ्यात गेला की काय होतं, ते पान लावणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा.

आमच्या लालबागची निम्मी माणसं मूळची कोकणातली. त्यांना कार्बाइड नवं नाही. आंबा लवकर पिकवायला पेटीत पुडी टाकायचे, तेच हे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यानं फळं पिकवायला बंदी आहे, तरी मिळायचं तिथं मिळतंच. शेतातली माकडं पळवायला असल्या पाइपाच्या बंदुका वापरतात. म्हणजे तुमच्या गावात ही वस्तू खेळणं म्हणून आली नसली तरी शेतीच्या सामानात घरात असू शकते. दिवाळीच्या आधी एकदा पडवीत, माळ्यावर नजर टाकाच.

बरं, दुकानातल्या परवान्याच्या फटाक्यांचं काय? गेली पंचवीसेक वर्षं आपल्याकडे फटाक्यांवर पुष्कळ बोललं गेलं, पण ते आवाजावर आणि धुरावर. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये रात्री दहानंतर वाजणारे फटाके बंद केले. २०१८ मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली, माळांवर बंदी घातली आणि फक्त ‘हरित’ फटाके विका असं सांगितलं. मुंबईत २०२३ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयानं पुन्हा आठ ते दहाचंच बंधन घातलं. हे सगळं योग्यच आहे, दम्याचं माणूस घरात असलेल्या बाईला त्याची किंमत कळते. पण माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींचा एक गोड गैरसमज आहे. डब्यावर हिरवी खूण दिसली की म्हणतात, ‘हे सेफ आहेत गं, पोरांना दिले तरी चालतात.’ नाही हो. हरित फटाका तयार केला आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं, धूर साधारण तीस टक्क्यांनी कमी व्हावा म्हणून. त्यातली दारू दारूच आहे. तो हात भाजायला तेवढाच समर्थ आहे.

आवाजाचा नियमही असाच नीट वाचायला हवा. फटाक्याचा आवाज १२५ डेसिबलच्या वर नको, हे मोजायचं चार मीटरवरून. आमच्या अंगणातली पोरं उभी असतात हातभर अंतरावर. अंतर निम्मं झालं की साधारण सहा डेसिबल वाढतात, म्हणजे एका मीटरवर बारा वाढले. साचाखात्यात आयुष्य काढलेले माझे सासरे शेवटी शेवटी टीव्ही पूर्ण मोठा करून बसायचे, तेव्हा कान गेल्याचं दुःख मी घरात पाहिलंय. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात. कापसाच्या बोळ्यानं फारसं काही होत नाही.

पण खरी भीती डोळ्याची. आमच्या घरातलंच सांगते. माझ्या दिराचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. भुईनळा लावला, तो फुसका निघाला. सगळ्यांनी म्हटलं, ‘बघ रे पेटलाय का.’ हो, आम्हीच म्हटलं, मीसुद्धा. तो वाकला आणि झाड उसळलं. भाजलेली कातडी महिन्यात भरून आली, डोळाही वाचला, पण बुबुळावर डाग राहिला. आज तो नोकरीला आहे, उजव्या डोळ्यानं त्याला धुक्यातून दिसावं तसं दिसतं. चाळीत त्या दिवशी एकाच्याही घरात शंभर रुपयांचा चष्मा नव्हता.

वेल्डिंग, ग्राइंडिंग करणारे कामगार लावतात ना, तो पारदर्शक पॉलीकार्बोनेटचा चष्मा. बाजूनंही झाकणारा, पाठीमागे इलॅस्टिक असलेला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, नंबरच्या चष्म्यावरूनही बसतो. उन्हाचा गॉगल, करोनातली पातळ फेसशील्ड, यांचा उपयोग नाही. आणि तो लावणाऱ्यानंच नाही, बघणाऱ्यानंही घालायला हवा, कारण दुखापत झालेल्यांत नुसतं उभं राहून बघणारेही पुष्कळ असतात. नेदरलँड्समध्ये नववर्षाच्या रात्री घरोघरी फटाके उडवायची जुनी हौस. तिथं नेत्रतज्ज्ञांनी पाठपुरावा केला आणि फटाक्यांबरोबर चष्मे फुकट मिळू लागले. तरीही दुखापती थांबेनात, म्हणून २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं घरगुती फटाक्यांवर बंदीचा कायदाच मंजूर केला. तेव्हा चष्मा म्हणजे सगळं काही, असं मी म्हणत नाही. फुसका फटाका पुन्हा पेटवायचा नाही, थांबून त्यावर लांबूनच पाणी ओतायचं. डब्याखाली, करवंटीखाली बॉम्ब लावायचा नाही, पत्र्याचा तुकडा सुरीसारखा येतो. कपडे सुती, ओढणी खोचलेली, पायात बूट. फुलबाजीची तार हजार अंशांच्या आसपास तापते, ती पाण्याच्या बादलीत टाकायची. दोन वर्षांच्या लेकराच्या हाती ती देऊन फोटो काढायचा मोह आवरा बायांनो.

इतकं करूनही झालंच काही, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद-तूप यातलं काही नको. डोळ्यात चुना किंवा दारू उडाली तर न चोळता स्वच्छ पाण्यानं भरपूर धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. पण डोळ्यात काही घुसलं असेल, रक्त येत असेल, तर धुवायचं नाही, दाबायचं नाही. कागदी पेला उपडा झाकून, चिकटपट्टी लावून सरळ नेत्रतज्ज्ञाकडे. तुमच्या गावाहून तो तास-दोन तासांवर असेल, तर कुठे बसतो आणि दिवाळीत असतो का, हे धनत्रयोदशीलाच विचारून ठेवा.

मी गेल्या दिवाळीला हार्डवेअरवाल्याकडे सहा चष्मे मागितले. तो म्हणाला, ‘वहिनी, घरात वेल्डिंगचं काम काढलंय का?’ खरं कारण ऐकून आधी हसला, मग स्वतःच्या नातवासाठी एक बाजूला काढून ठेवला. संध्याकाळी अंगणात पोरं निघाली बारा. चष्मे सहा. मग पाळ्या लावल्या. ज्याच्या डोळ्यांना चष्मा नाही, त्यानं पहिल्या मजल्याच्या जिन्यावर बसायचं. पुतण्या जिन्यापाशी उभा राहून पाळ्या सांभाळत होता.