शंभरातले किती?

मंडळी, गेल्या खेपेला पासवर्डवर लिहिलं तेव्हा दोन काकूंनी सांगितलं, "जरा घरात उपयोगी पडेल असं लिही की." तर या खेपेचा विषय घरातलाच आहे, फक्त घरात त्यावर कुणी बोलत नाही.

गेल्या वर्षी जुलैत ताईचा फोन आला. भाच्याला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलची फी भरून झाली होती, गादी-बादली आणि डब्यात भरायच्या चकल्या, सगळं ठरलं होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "अरे, तुम्ही लोक एवढी ॲप करता. पोरगं दिवसभर मोबाईलवर गेम खेळतं. दारूच्या वाटेला जाऊ नये असा एखादा गेम नसतो का रे?"

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र शोधायला बसलो, आणि असे गेम खरोखरच निघाले.

पहिला प्रकार हाताच्या सवयीवर चालतो. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ राइनाउट वीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली जर्मनीतल्या एका उपचार केंद्रातल्या २१४ रुग्णांवरचा प्रयोग छापला. पडद्यावर चित्र येतं. दारूचं असेल तर जॉयस्टिकने ढकलायचं, म्हणजे ते लहान होत दूर जातं. सरबताचं असेल तर ओढायचं, म्हणजे ते मोठं होत जवळ येतं. छोट्या छोट्या चारच बैठका, तेही नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. वर्षानंतर पाहिलं तर ज्यांना हे शिकवलं नव्हतं त्यांच्यातले ५९ टक्के पुन्हा प्यायला लागले होते, शिकवलेल्यांतले ४६ टक्के. पुढे ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी हेच मोबाईलवर आणलं. त्यांच्या 'स्वाइप' ॲपमध्ये आपल्या नेहमीच्या बाटलीचा फोटो आपणच घालायचा आणि बोटाने लांब सारायचा.

प्रोग्रामर म्हणून सांगतो, असलं काही लिहायला दोन रात्री पुरतात. पण त्या केंद्रातल्या माणसांना दारू सोडायची होती. अठरा वर्षांच्या पोराला काय सोडायचं असतं? त्याने अजून धरलेलंच काही नसतं. तो हे ॲप दुसऱ्याच दिवशी काढून टाकेल.

दुसरा प्रकार हिशोबाचा. किती प्यालात ते टाकत जा, रक्तात अल्कोहोल किती झालं ते ॲप सांगेल. स्वीडनमध्ये दारू विकण्याचा मक्ता सरकारी दुकानांकडे आहे, आणि त्यांनीच असं एक ॲप काढलेलं होतं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर त्याची चाचणी घेतली, २०१४ मध्ये निकाल आला, तर ते ॲप वापरणारे मुलगे कमी नाही, उलट जास्त वेळा प्यायला बसू लागले होते! मला याचं फारसं नवल वाटलं नाही. आकडा दिसला की माणूस तो वाढवायला बघतो. रोजची पावलं मोजणारे आमचे बाबा रात्री साडेनऊला गच्चीवर फेऱ्या मारतात ते उगाच नव्हे.

तिसरा प्रकार वाचला आणि मी लॅपटॉप मिटून बसलो.

त्याची मुळं जुनी आहेत. १९८६ साली वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ या दोघांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांना विचारलं, पिण्याबद्दल तुझं स्वतःचं मत काय, आणि इथल्या बाकीच्यांचं काय असेल? बहुतेकांचं स्वतःचं मत बेताचं होतं, आणि बहुतेकांना बाकीचे आपल्यापेक्षा फार मोकळे वाटत होते. पुढे १९९३ मध्ये प्रिन्स्टनमध्ये डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनाही तेच दिसलं. म्हणजे प्रत्येक जण गप्प राहून दुसऱ्याला सामील होतोय आणि दुसराही तेच करतोय.

आता गेम. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठात जोसेफ लाब्री आणि अँड्र्यू अर्ल यांच्या गटाने तो केला, नाव 'कॅम्पस गँडर'. पहिल्या वर्षाची मुलं स्वतःबद्दल गुपचूप उत्तरं देतात. मग आपल्याच कॉलेजातले बाकीचे काय म्हणाले असतील याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर गुण लावायचे. आठवड्याने खरा आकडा उघड होतो. सगळे प्रश्न दारूचे नसतात, त्यामुळे कुणाला प्रवचनाचा वास येत नाही. मुलं पैज जिंकायला येतात आणि आपला अंदाज किती चुकला ते बघून जातात. या पद्धतीने पिणं थोडं कमी होतं, फार नाही. पण जे होतं ते कुणी न ओरडता होतं.

लॅपटॉप मिटला तो हॉस्टेल आठवल्यामुळे.

२००८ साल. आम्ही इथेच बेळगावात इंजिनिअरिंगला, दुसऱ्या वर्षात. गावातलीच पोरं असलो तरी हॉस्टेलच्या एका खोलीत आमचा सातजणांचा अड्डा. इंटर्नल संपल्या की भाड्याची सुमो आणि चोर्ला घाट. गोव्यात पोचायच्या आधीच कोण किती घेणार याच्या गप्पा. मला तिची चव पहिल्या घोटापासून आवडली नाही. तोंडात कडू, दुसऱ्या दिवशी डोकं जड. पण बाकी सहाजणांना आवडते म्हटल्यावर सातव्याने तोंड वाकडं करायचं कसं? चार वर्षं मी "भर की" म्हणत राहिलो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही टिळकवाडीत जेवायला जमलो. बायका-मुलं सोबत, समोर कोकम सरबत. बोलता बोलता एक जण म्हणाला, "मी माझा ग्लास त्या शॅकच्या मागे वाळूत ओतायचो, कुणाला कळलं नाही कधी." दुसरा म्हणाला, "मी थम्सअपच प्यायचो, रंग तोच." तिसरा नुसताच हसला. मोजलं तर सातातल्या चौघांना ती नकोच होती. चौघांचं मत एक आणि चौघांनाही वाटत होतं आपण एकटेच. टेबलावर हशा पिकला.

मोजताना आम्ही सातवा धरला होता, पण तो जेवायला आलेला नव्हता. तो त्या वेळी दुसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात होता. पहिल्या वर्षी हाच सगळ्यात बुजरा. बाटलीकडे बघून "नको रे, आईला वास येईल" म्हणायचा. त्याचा ग्लास आम्हीच भरायचो. वाळूत ओतणारा भरायचा, थम्सअपवाला भरायचा, मी भरायचो. त्याचं पुढे जे झालं त्याला घरचं, नोकरीचं, स्वभावाचं अशी दहा कारणं असतील. तरी घरी परतताना गाडीत कुणी बोललं नाही. त्याच्या आईला मी अजून दिवाळीला नमस्कार करायला जातो. त्या कधी काही विचारत नाहीत, फराळाची ताटली पुढे करतात.

तर भाचा. निघायच्या आदल्या रविवारी तो आमच्याकडे आला. उपदेश करायचा नाही असं ठरवलं होतं. पैज लावली, एक किलो कुंदा.

"सांग, आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांत दारू पिणारे किती?"

"साठ," तो पटकन म्हणाला. मग जरा विचार करून, "पासष्ट."

मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल उघडून दाखवला. १९. बायकांत १. गोव्याचा आकडाही दाखवला, तिथले पुरुष शंभरात ३७. गोवासुद्धा निम्म्यावर नाही म्हटल्यावर तो पडद्याकडे बघतच राहिला. पण पोरगं हुशार. "मामा, हे सगळ्या देशाचं झालं. म्हातारे, खेडी, सगळे धरून. मला हॉस्टेलात राहायचंय. तिथलं सांग."

इथे माझं तोंड बंद झालं. कारण त्याचं बरोबर होतं. तो अमेरिकन गेम चालतो तो आपल्याच कॉलेजच्या आकड्यावर, लांबच्या आकड्याने मन हलत नाही. आणि आपल्याकडे हॉस्टेलात असा प्रश्न कोण विचारणार? वॉर्डन विचारेल तर नावासकट, आणि नावासकट कोण खरं सांगेल? दंडाची पावती मात्र फाटेल. मी कुंदा जिंकलो, पण तो मीच आणून त्याच्या चकल्यांशेजारी बांधून दिला.

त्यानंतर मी काही विचारलं नाही. ताई विचारायची, "तू बोललास ना त्याच्याशी?" मी हो म्हणायचो.

दिवाळीआधी एका रात्री त्याचा मेसेज आला. "मामा, आमच्या विंगमध्ये २२ जण आहेत. बुटाच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. नाव नाही, सगळ्यांना एकच पेन. इथे आल्यापासून किती जणांनी घेतली? अंदाज सांग. एक किलो."

मी माझं हॉस्टेल आठवून १५ म्हटलं.

"७," त्याने लिहिलं. "आणि खोकं उघडायच्या आधी सगळ्यांचा अंदाज १२ च्या वर होता."

चिठ्ठीत कुणी खोटं लिहिलं नसेल असं नाही. सातांत तो आहे की पंधरांत, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा घेतला आणि पुण्याच्या बसमध्ये पार्सल ठेवून आलो. पार्सलवर त्याने सांगितल्याप्रमाणे पत्ता घातला आणि खाली लिहिलं, २२ जणांत वाटून खाणे.